एक पायरी खालीं

विलायतेंत वर्षभर राहून आलेल्या प्राध्यापकानें परतल्यावर कशाकशाविषयीं लिहावें याचे कांहीं संकेत आपल्याकडे ठरून गेले आहेत. स्ट्रॅटफर्डला जाऊन शेक्सपीअरचें घर पाहिल्याचें सांगावें, ब्रिटिश म्युझियमचा उल्लेख आदरानें करावा, तिकडचा पाऊस आणि तिकडच्या माणसांचा अबोलपणा यांवर दोन विनोद करावेत, आणि शेवटीं घरच्या वरणभाताची आठवण काढावी. आम्हीं हा सारा विधि यथासांग उरकलेला आहे. परंतु त्या वर्षांतला जो दिवस आमच्या मनांत सर्वांत खोल रुतला, त्याविषयीं आजवर आम्हीं एक ओळहि लिहिली नाहीं. तो दिवस आम्हीं कोणत्याहि ग्रंथालयांत अथवा नाट्यगृहांत घालविलेला नव्हता. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्कारबरो नांवाच्या गांवीं, फुटबॉलच्या एका लहानशा मैदानाच्या कठड्याला टेकून, उभ्यानें घालविला होता. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकानें हें कबूल करावें कीं नाहीं, या संकोचांत पाव शतक गेलें. आतां निवृत्ति जवळ आली आहे, तेव्हां संकोचाला फारसा अर्थ उरलेला नाहीं.

१९९८ च्या सप्टेंबरांत आम्ही एका वर्षाच्या अभ्यासवृत्तीवर यॉर्क येथें गेलों. राहण्याची सोय एका वृद्ध विधुर गृहस्थांच्या घरीं झाली. त्यांचें नांव येथें देत नाहीं. त्यांना तें आवडलें नसतें. आगगाडीचे डबे बांधण्याच्या यॉर्कच्या कारखान्यांत त्यांचा सारा जन्म गेला होता. ते निवृत्त झाल्यावर थोड्याच काळानें, १९९६ मध्यें, तो कारखानाच बंद पडला, आणि तेव्हांपासून त्याच्या दरवाजावरून जाण्याचें ते टाळीत. आम्ही साधे अधिव्याख्याते आहोंत असें अनेकदां सांगूनहि ते आम्हांला पहिल्या दिवसापासून 'प्रोफेसर' म्हणत. जन्मानें ते स्कारबरोचे. यॉर्कला येऊन चाळीस वर्षें झालीं होतीं, तरी एक शनिवार आड ते गाडीनें स्कारबरोस जात आणि रात्रीं परत येत. यॉर्कचा स्वतःचा फुटबॉल संघ होता, तोहि स्कारबरोच्या संघाहून एक पायरी वरचा, आणि त्याचें मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. "मग तुम्ही येथलाच खेळ कां पाहत नाहीं?" असें आम्हीं एकदां विचारलें. त्यावर त्यांनीं आमच्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, शेजारीण अधिक चांगला स्वयंपाक करते म्हणून आई बदलून घ्यावी असेंच जणूं आम्हीं सुचविलें होतें.

पहिल्यांदा आम्ही त्यांच्याबरोबर गेलों तो भीडेखातर, दुसऱ्यांदा गेलों तो शनिवारची एकटेपणाची संध्याकाळ टळावी म्हणून. तिसऱ्यांदा कां गेलों हें आम्हांला अजूनहि नीटसें सांगतां येत नाहीं. खेळ पाहण्यासारखा होता असें म्हणवत नाहीं. चेंडू जमिनीवर कमी आणि आकाशांत अधिक असे. समुद्रावरून येणारा वारा त्याला कोणत्याहि संघापेक्षां अधिक चातुर्यानें खेळवी. मैदानाला गांवांतल्या एका बड्या बटाटेवाल्या कंपनीचें, म्हणजे मॅकेनचें, नांव होतें. मॅंचेस्टर युनायटेडच्या मैदानाला त्याचे भक्त 'स्वप्नांचें रंगमंदिर' म्हणतात. त्यावरून स्कारबरोकर आपल्या मैदानाला 'चिप्सचें रंगमंदिर' म्हणत, आणि तें म्हणतांना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाहि हलत नसे. हा विनोद आम्हांला फार आवडे. ज्याला स्वतःच्या लहानपणाचा असा विनोद करतां येतो, तो मनुष्य लहान नसतो.

ज्या वाचकांना या खेळाच्या व्यवस्थेची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विवरण केलें पाहिजे. इंग्लंडांत धंदेवाईक फुटबॉलचे बाण्णव क्लब एकावर एक अशा चार वर्गांत विभागलेले असतात. प्रत्येक वर्गांतले संघ ऑगस्टपासून मेपर्यंत एकमेकांशीं दोनदां खेळतात, एकदां आपल्या गांवीं आणि एकदां दुसऱ्याच्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, पराभवाला शून्य. हंगामाच्या अखेरीस वरचे कांहीं संघ वरच्या वर्गांत चढतात आणि तळचे कांहीं खालच्या वर्गांत उतरतात. चौथ्या वर्गाच्याहि खालीं पांचवा आहे, त्याखालीं आणखी कितीतरी. अगदीं खेड्यापाड्यांतल्या संघांपर्यंत ही शिडी पोंचलेली आहे. मात्र चौथ्या पायरीवरून पांचव्या पायरीवर उतरणें म्हणजे नुसतें एक पायरी उतरणें नव्हे. तेथें 'फुटबॉल लीग' या जुन्या घराण्याचा उंबरठा आहे आणि उतरणारा घराबाहेर पडतो. (आमच्या वेळीं या चौथ्या वर्गाला 'तिसरा' म्हणत, कारण १९९२ मध्यें सर्वांत वरचे क्लब वेगळी चूल मांडून निघून गेले होते. २००४ पासून त्यालाच 'लीग टू', म्हणजे दुसरा, म्हणूं लागले. नांवाची बढती सर्वांत स्वस्त असते.)

हें घराणें १८८८ सालचें. बर्मिंगहॅमच्या विल्यम मॅक्‌ग्रेगर नांवाच्या एका कापडदुकानदारानें पुढाकार घेतला आणि बारा क्लबांनीं मिळून लीग स्थापिली. १८९२ मध्यें दुसरा वर्ग निघाला, तेव्हां वर कोण जाणार आणि खालीं कोण येणार हें ठरविण्यासाठीं खास कसोटीचे सामने ठेवीत. १८९८ मध्यें असा प्रसंग आला कीं, स्टोक आणि बर्नली या दोन संघांना बरोबरी झाली तर दोघांचेंहि भागणार होतें. मग काय विचारतां! नव्वद मिनिटें दोन्ही संघांनीं एकमेकांच्या गोलाला उपद्रव म्हणून दिला नाहीं. संतापलेले प्रेक्षक हातीं आलेला चेंडू परत देईनात. आणि शून्याला शून्य अशी प्रेमळ बरोबरी होऊन स्टोक वरच्या वर्गांत टिकला आणि बर्नली वर चढला. त्यानंतर कसोटीचे सामने बंद झाले, आणि वरच्या दोन वर्गांपुरतें चढणें-उतरणें वर्षभराच्या गुणांवरून आपोआप ठरूं लागलें. सज्जनपणावर विसंबून चालत नाहीं, हें कळावयास या सज्जनांच्या देशालाहि दहा वर्षें लागलीं.

परंतु लीगच्या अगदीं तळाशीं मात्र सज्जनपणाचा कारभार पुढें जवळजवळ नव्वद वर्षें चालला. तळचे संघ आपोआप बाहेर पडत नसत. ते वार्षिक सभेंत पुन्हां अर्ज करीत आणि सभासद क्लब मतें देत. मत देणारे सारे घरचेच. 'आज मीं याला बाहेर काढला तर उद्यां मला कोण ठेवील?' हा विचार प्रत्येकाच्या मनांत. त्यामुळें हार्टलपूलच्या क्लबानें चौदा वेळां असा अर्ज केला आणि चौदाहि वेळां त्याला घरांत ठेवून घेतलें. उलट १९८० मध्यें बाहेरच्या लीगमध्यें पहिला आलेला ऑल्ट्रिंकम हा संघ एका मतानें उंबरठ्याबाहेर राहिला. कधीं मधीं एखाद्याला घालवीतहि असत. १९७७ मध्यें वर्किंग्टन गेला आणि त्याच्या जागीं विंबल्डन आला. पण तें गुणांवर नव्हे, मर्जीवर. ज्यांनीं विद्यापीठाच्या मंडळांत चार वर्षें काढलीं आहेत, त्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाहीं. आणि ही वृत्ति मेली आहे असेंहि कोणी समजूं नये. २०२१ च्या एप्रिलांत यूरोपांतल्या बारा धनाढ्य क्लबांनीं, त्यांत सहा इंग्लंडचे, अशी एक नवी लीग काढण्याचा घाट घातला कीं जिच्यांतून संस्थापकांना कधींच खालीं उतरावें लागणार नाहीं. इंग्लंडांतलीच सामान्य माणसें रस्त्यावर आलीं आणि दोनतीन दिवसांत तो बेत कोसळला. जन्मानें मिळालेली आणि कधींच न जाणारी जागा म्हणजे काय, हें आम्हां हिंदी लोकांना अधिक ठाऊक असावयास हवें. पण तो विषय निराळा.

१९८७ मध्यें मात्र तळाचें दार एकदांचें उघडलें. त्या वर्षापासून चौथ्या वर्गांत शेवटचा येईल तो आपोआप बाहेर, आणि पांचव्या वर्गांत पहिला येईल तो आपोआप आंत. पहिल्याच वर्षीं अखेरच्या दिवशीं तीन संघ कड्याच्या टोकावर होते. त्यांपैकीं बर्नली हा तर १८८८ च्या मूळ बारांतला, दोनदां देशांत पहिला आलेला. तो आपला सामना जिंकून वांचला. टॉर्कीच्या मैदानावर पोलिसांचा कुत्रा त्यांच्याच एका खेळाडूच्या मांडीला चावला; त्याची मलमपट्टी होईपर्यंत जो वेळ गेला तो सामन्याच्या शेवटीं वाढवून दिला, आणि त्या वाढीव वेळांत टॉर्कीनें बरोबरीचा गोल करून जीव वांचविला. बाहेर गेला तो लिंकन. आणि त्याच्या जागीं उघड्या दारानें आंत आला तो आमच्या घरमालकांचा स्कारबरो, गुणांच्या बळावर आपोआप आंत आलेला पहिला क्लब. लीगमधला त्यांचा पहिला सामना त्या ऑगस्टांत वुल्व्हरहॅम्प्टनशीं झाला. एके काळीं तीनदां देशाचें अजिंक्यपद मिळविलेला तो संघ घसरत घसरत तेथवर आला होता. सामना दोन-दोन असा बरोबरींत सुटला. त्या दिवसाचें वर्णन घरमालकांच्या तोंडून आम्हीं इतक्यांदा ऐकलें कीं, आम्हीहि तेथें होतों असें आम्हांला कधीं कधीं वाटतें.

आतां १९९९ चा मे. चोवीस संघांच्या वर्गांत पंचेचाळीस सामने होऊन गेले होते आणि शेवटचा एक उरला होता. तळाशीं कार्लाइल, त्याच्या एकाच गुणानें वर स्कारबरो. ८ मे रोजीं, शनिवारीं, कार्लाइलचा सामना आपल्या गांवीं प्लिमथशीं, स्कारबरोचा आपल्या गांवीं पीटरबरोशीं. कार्लाइल १९२८ पासून लीगमध्यें होता. १९७४ मध्यें तर तो पहिल्या वर्गांत चढून कांहीं दिवस साऱ्या देशाच्या माथ्यावर जाऊन बसला होता. त्या वसंतांत त्याच्याजवळ स्वतःचा गोलरक्षकच उरला नव्हता. एकाला विकून टाकलें होतें, उसना आणलेला दुसरा त्याच्या धन्यानें परत बोलावला होता, आणि मुदत टळून गेल्यावर लीगच्या खास परवानगीनें स्विंडनहून जिमी ग्लास नांवाचा गोलरक्षक उसना आणला होता. हा त्याचा तेथला अवघा तिसरा सामना.

त्या दिवशीं गाडींत घरमालक कांहीं बोलले नाहींत. हातांत एक लहान ट्रान्झिस्टर होता, आणि त्याच्या बॅटऱ्या त्यांनीं वाटेंत दोनदां काढून पुन्हां घातल्या. मैदानावर आमच्या पुढें एक बाई आपल्या लहान मुलाला खांद्यावर घेऊन उभी होती. खेळ काय झाला तें आम्हांला फारसें आठवत नाहीं. सारें लक्ष कानांकडे होतें. आमच्याकडे एकास एक झालें. कार्लाइललाहि एकास एक. असेंच राहिलें तर स्कारबरो एका गुणानें वर राहणार होता. आमचा सामना आधीं संपला. शिटी वाजली आणि माणसें कठड्यावरून उड्या टाकून मैदानांत शिरलीं. कोणी कोणाला मिठी मारीत होतें, कोणी रडत होतें. घरमालकांनीं आमचा हात धरला आणि तो सोडावयाचा विसरून गेले. पण ट्रान्झिस्टर त्यांच्या दुसऱ्या कानाला तसाच होता. तिकडे कार्लाइलला ठरलीं नव्वद मिनिटें उलटून गेलीं होतीं आणि वाढीव वेळाचेहि क्षणच उरले होते. कोपऱ्यावरची किक मिळाली. ग्लास आपला गोल मोकळा टाकून साऱ्या मैदानाची लांबी धांवत गेला. कार्लाइलच्या खेळाडूनें डोक्यानें मारलेला चेंडू प्लिमथच्या गोलरक्षकानें परतविला, तो ग्लासच्या पायापाशीं आला, आणि गोलरक्षकानें गोल केला.

हें सारें आम्हांला मागाहून कळलें. त्या क्षणीं आम्हांला दिसलें तें इतकेंच कीं, गर्दींत येथें एक आणि तेथें एक असे कानाला रेडिओ लावलेले लोक एकाएकीं स्तब्ध झाले. त्यांच्या भोंवतीं नाचणारे तसेच नाचत होते. ती स्तब्धता एकाकडून दुसऱ्याकडे गेली, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि अर्ध्या मिनिटांत हजारों माणसांच्या त्या मैदानावर समुद्रपक्ष्यांचा आवाज ऐकूं येऊं लागला. घरमालकांनीं रेडिओ बंद केला. तो खिशांत ठेवण्याचा त्यांनीं तीनदां प्रयत्न केला आणि शेवटीं आमच्या हातांत दिला.

साऱ्या इंग्लंडांत ही गोष्ट आजहि सांगतात. ती सांगतात कार्लाइलच्या बाजूनें, आणि तें योग्यच आहे. गोष्ट तेथेंच घडली. आमच्या दुर्दैवानें ती आम्हीं दुसऱ्या बाजूनें पाहिली.

परतीच्या गाडींत आम्ही तावातावानें बोलूं लागलों. तरुण होतों, आणि न्यायाची चाड दुसऱ्याच्या प्रकरणांत अधिक असते. उसना गोलरक्षक, तोहि मुदत संपल्यावर आणलेला! ही खास परवानगी दिलीच कशी? दाद मागतां येणार नाहीं काय? घरमालकांनीं सारें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "प्रोफेसर, आम्हीं शेहेचाळीस सामने खेळलों. त्यांतली एक बरोबरी जिंकलों असतों तर तुम्हांला त्या पोराचें नांवहि ठाऊक झालें नसतें." पुढें कितीतरी वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. माल्टन स्टेशन मागें पडल्यावर ते पुन्हां बोलले, आणि तें आम्हांला उद्देशून होतें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. "सत्याऐंशी सालीं आम्ही आंत आलों, तेव्हां लिंकन बाहेर गेलें. तेथेंहि कोणी म्हातारा मैदानावर उभा असेलच. बारा वर्षांत मीं त्याचा एकदांहि विचार केला नाहीं."

यॉर्कच्या स्टेशनावर आणखी एक घोळका उतरत होता. यॉर्कचा संघहि त्याच दिवशीं मॅंचेस्टर सिटीकडून चार-शून्य असा हरून तिसऱ्या पायरीवरून चौथीवर उतरला होता. (होय, तेंच मॅंचेस्टर सिटी, त्या वर्षीं तें तिसऱ्या वर्गांत होतें, हें आजच्या विद्यार्थ्यांना सांगितलें तर त्यांना आमच्या स्मरणशक्तीची शंका येते.) चाळीस वर्षें यॉर्कच्या संघाकडे ढुंकूनहि न पाहिलेल्या आमच्या घरमालकांनीं त्या लोकांकडे पाहून टोपीला हात लावला.

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं, आणि त्याचें कारण स्कारबरो नव्हतें. विलायतेस जाण्यापूर्वीं एक वर्ष आम्ही पदवीपरीक्षेचे एक परीक्षक होतों. आमच्याच कॉलेजांतला खेड्यावरून येणारा एक मुलगा आमच्या विषयांत एका गुणानें नापास झाला. पस्तीस हवे होते, चौतीस पडले. त्याच्यासाठीं कोणी शब्द टाकावयास आलें, तेव्हां आम्हीं उत्तरपत्रिका पुन्हां काढून पाहिली, चौतीसच योग्य आहेत अशी खात्री करून घेतली, आणि नकार दिला. तो नकार चूक होता असें आम्हांला त्या रात्रींहि वाटलें नाहीं, आजहि वाटत नाहीं. रेघ कोठें तरी ओढावी लागते, आणि ती मर्जीनें हलविली म्हणजे काय होतें हें हार्टलपूल आणि ऑल्ट्रिंकम यांच्या हकिगतींत दिसतेंच. पण तो मुलगा पुढें कॉलेजांत दिसला नाहीं, आणि तो दिसत नाहीं हें आमच्या ध्यानांतहि आलें नव्हतें. त्या रात्रीं त्याचा चेहरा आठवण्याचा प्रयत्न केला. आठवेना. परत आल्यावर कार्यालयांतून त्याचा पत्ता शोधून काढून पत्र टाकलें. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसावें, शिकवावयास आम्ही तयार आहोंत, असें लिहिलें. उत्तर आलें नाहीं. दोन वर्षांचा उशीर झालेल्या पत्राला उत्तर कशाला येईल?

पुढची हकीगत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. ज्या कार्लाइलला त्या गोलानें वांचविलें, तो २००४ मध्यें उंबरठ्याबाहेर गेलाच, आणि त्याच्यासोबत यॉर्कहि गेला. कार्लाइल वर्षभरांत परत आला. २०२५ मध्यें पुन्हां बाहेर पडला. स्कारबरो मात्र परत आला नाहीं. २००४ च्या जानेवारींत एफ्. ए. कपमध्यें चेल्सीसारखा कुबेर त्यांच्या त्या चिप्सच्या रंगमंदिरांत खेळावयास आला आणि एकच गोल करून जिंकून गेला. तो शेवटचा मोठा दिवस. पुढें कर्ज वाढत गेलें. मैदान विकून देणीं भागवावीं तर त्या जमिनीवर खेळाखेरीज दुसरें कांहीं करूं नये अशी जुनी अट आडवी आली. १८७९ सालीं स्थापन झालेला तो क्लब २००७ च्या जूनमध्यें मोडला.

आम्ही परतल्यापासून घरमालकांचें दर नाताळास एक कार्ड येई. मजकूर कांहीं नसे. सही, आणि कोपऱ्यांत शिसपेन्सिलीनें लिहिलेले दोन आंकडे. पहिला आंकडा स्कारबरोचा गुणतक्त्यांतला क्रमांक. दुसरा कशाचा हें आम्हांला पहिल्या वर्षीं कळलें नाहीं. वर्तमानपत्र काढून ताडून पाहिलें, तेव्हां उलगडा झाला: तो लिंकनचा होता. २००७ च्या कार्डावर आंकड्यांच्या वर प्रथमच एक ओळ होती. गांवच्या लोकांनीं वर्गणी काढून नवा क्लब काढला आहे, गांवांत मैदान नाहीं म्हणून तो सतरा मैलांवरच्या ब्रिडलिंग्टनला खेळतो, आणि शिडीच्या पुष्कळ खालच्या पायरीपासून सुरुवात आहे, असें त्यांनीं कळविलें होतें. तेव्हां त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर होतें. २००९ मध्यें नव्या क्लबाला पहिली बढती मिळाली. त्या वर्षीं पहिल्या आंकड्याखालीं दोन रेघा होत्या. तें शेवटचें कार्ड. २०१७ मध्यें क्लब आपल्या गांवीं परत आला आणि २०२२ मध्यें आणखी एक पायरी चढून सहाव्या वर्गांत पोंचला, हें त्यांना पाहावयास मिळालें नाहीं.

शनिवारीं रात्रीं साडेदहाच्या पुढें तिकडचे निकाल येतात. घरांत सर्वांची निजानीज झालेली असते. आम्ही चष्मा लावून सहाव्या वर्गाच्या बारीक अक्षरांत स्कारबरोचें नांव शोधतों, आणि मग वर जाऊन लिंकनचें.